'ओन्ली' खोडणाऱ्या साळवे बाई

साळवे बाईंच्या शोकसभेत तीन जण बोलले आणि तिघांनीही त्यांना 'बिचाऱ्या' म्हटलं. एकाने तर आजाराशी झुंजता झुंजता त्या हरल्या, असंही सांगून टाकलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. उठून बोलावं म्हटलं, तर शिक्षकेतर माणसाच्या हातात माइक कोण देतो? सतरंजी झटका, खुर्च्या मांडा, फोटोला हार घाला, हे आपलं काम. हार मीच आणला होता. म्हणून जे तिथे बोलायचं होतं ते इथे लिहितोय. कुणाला वाचायचं त्याने वाचावं, नसेल तर राहू द्यावं.

आधी एक मिटवून टाकतो. बाई फिटने गेल्या नाहीत. झोपेत हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. पण बाईंना फिट येते हे सगळ्या महाडला माहीत, मग दुसरं कारण ऐकून घ्यायला वेळ कुणाला आहे?

मी उतेकर. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवरचा. महाडच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचा सहायक म्हणून लागलो आणि तिथेच केस पांढरे केले. साळवे बाई माझ्यानंतर दोन वर्षांनी आल्या. तुडीलच्या बौद्धवाडीतल्या. उंची बेताची, आवाज मात्र सावित्री नदीपलीकडे जाईल असा. पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात खडू ठेवायच्या आणि ते खोकं काखेत मारून वर्गात शिरायच्या. कोरा चहा प्यायच्या, आणि तो गार झाला की म्हणायच्या, "उतेकर, मला चहा तुम्ही मुद्दाम बोलायला लावून गार करून देता." मी एक अक्षर बोललेलो नसायचो.

पुराने आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर कमरेच्या वर एक तपकिरी रेघ मारून ठेवली आहे. बाकीच्यांनी आपापल्या खोल्यांतली ती रेघ चुना लावून झाकली. बाईंनी झाकू दिली नाही. मेंदूचा तक्ता तिच्या वर हातभर अंतरावर टांगला आणि म्हणाल्या, "नदी कुठवर येते ते मुलांना दिसू दे. मेंदू भिजला नाही म्हणजे झालं."

बारावीच्या पहिल्या तासाला त्यांचा एक नेम होता. मुलं बाजारातलं गाइड घेऊन यायची. त्यात मेंदूतल्या आधारपेशींवर इंग्रजीत एकच ओळ होती, की या पेशी चेतापेशींना फक्त आधार देतात. बाई सगळ्यांना ते पान काढायला लावायच्या, पेन हातात घ्यायला लावायच्या आणि हुकूम सोडायच्या, "ओन्ली खोडा." मुलं एकमेकांची तोंडं बघायची. छापलेलं खोडायचं म्हणजे काय? बाई बाकांमधून फिरून बघायच्या. कुणी नुसती पेन्सिलची रेघ मारली असेल तर म्हणायच्या, "घाबरतोस कशाला रे? शाईने खोड."

त्यानंतर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायच्या, 'मला फिट आली तर'. खाली सूचना. घड्याळ बघा. चष्मा काढा. डोक्याखाली मऊ काहीतरी घाला. हातपाय दाबून धरू नका. तोंडात काही कोंबू नका. झटके थांबत आले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर एकशे आठला फोन. आणि सगळ्यात शेवटी, दोनदा अधोरेखित करून, 'चप्पल हुंगवू नका'.

ती शेवटची सूचना माझ्यामुळे आली. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही.

बाईंना लागून दोन महिने झाले असतील. दुपारी मुलं निघून गेली होती, बाई काचपट्ट्या डब्यात लावत होत्या. एकदम धाडकन आवाज झाला. वळून बघतो तर बाई दोन टेबलांच्या मध्ये जमिनीवर, हातपाय ताठ, डोळे वर. आमच्या चुलत्याला फिट यायची तेव्हा आई चप्पल काढून त्याच्या नाकाला लावायची. तेवढं एकच औषध मला माहीत. मी डाव्या पायातली काढली आणि बाईंच्या नाकाशी धरून बसलो. बाईंनी डोळे उघडले तेव्हा त्यांना पहिलं काय दिसलं असेल, तर माझ्या चपलेचा तळवा.

त्या दिवशी त्यांना घरी पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी चहा पुढे ठेवला तेव्हा म्हणाल्या, "काल चप्पल कुणाची होती?"

"माझी."

"माझे आजोबा तुमच्या वाडीवरून जायचे तेव्हा स्वतःच्या वहाणा काढून हातात घ्यायचे. घ्यायलाच लागायच्या. काल तुम्ही तुमची काढून माझ्यापुढे धरलीत." आणि वर म्हणाल्या, "चला, काहीतरी उलटं फिरलं."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. माफी मागायला तोंड उघडलं तर हाताने थांबवलं. "माफी नको. फक्त एक समजून घ्या, त्या वासाने काही थांबत नाही. ते आपलं आपण थांबतं. तुमच्या चपलेला फुकटचं श्रेय देऊ नका."

"मग थांबतं कशाने?" मी विचारलं.

हा प्रश्न मी विचारला नसता तर माझं आयुष्य जरा शांत गेलं असतं. बाईंनी बिस्किटांच्या पुड्याचा कागद उलटा केला आणि काढायला लागल्या. दोन चेतापेशी, मध्ये बारीकशी फट. पहिली पेशी बोलते म्हणजे काय करते, तर त्या फटीत ग्लुटामेट नावाचे रेणू सोडते. पलीकडची पेशी ते झेलते आणि तिला निरोप कळतो. "इथवर सगळे शिकवतात," बाई म्हणाल्या. "पण तो निरोप फटीत तसाच पडून राहिला तर? समोरची पेशी पुन्हा पुन्हा पेटत राहील. कुणीतरी ते उचलायला नको?" मग त्यांनी त्या फटीला लगटून एक चांदणीसारखी पेशी काढली. तिला त्या तारकापेशी म्हणायच्या, गाइडमधल्या त्या आधारपेशींतलीच ही एक. ही ग्लुटामेट उचलते, आत नेऊन त्याचं ग्लुटामिन करते, म्हणजे निरुपद्रवी करते, आणि ते बोलणाऱ्या पेशीला परत देते. घे, पुन्हा बनव, पुन्हा बोल. पेशी पेटली की बाहेर पोटॅशियम साचतं, तेही हीच ओढून घेते. हे उचलणं कमी पडलं की पेशींचे जथेच्या जथे एकदम पेटतात.

"म्हणजे तुमच्या डोक्यात ही चांदणी आजारी आहे?"

"माझ्या डोक्यात नेमकं काय आहे ते मला माहीत नाही, आणि डॉक्टरलाही पुरतं माहीत नाही. फिटची कारणं छप्पन्न. पण एवढं नक्की की नुसत्या बोलणाऱ्यांकडे बघून मेंदू कळत नाही." मग चष्मा कपाळावर सरकवला. ही त्यांची राग आल्याची खूण. "आणि ही नुसती झाडूवाली नाहीये. तिच्याही अंगावर ते रेणू झेलायची जागा आहे. ती ऐकते. ऐकलं की तिच्या आत कॅल्शियम वाढतं, त्याची लाट शेजारच्या तारकापेशीकडे जाते, आणि मग ती स्वतःचे रेणू सोडून समोरच्यांचं बोलणं वाढवते नाहीतर कमी करते. फक्त विजेने बोलत नाही. लोकांनी वीज मोजायची यंत्रं लावली, त्यात हिचं काही उमटलं नाही, की लिहून मोकळे झाले, मुकी आहे. यंत्र तुमचं बहिरं, आणि मुकी ही?"

तो कागद माझ्याकडे अजून आहे. त्यावर चहाचा डाग पण आहे.

'शिक्षकेतर' या शब्दाचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. म्हणायच्या, "तुम्ही कोण आहात ते सांगितलंच नाही, कोण नाही तेवढं सांगितलंय." आणि प्रॅक्टिकलच्या तासाला सगळ्यांच्या देखत मला विचारायच्या, "उतेकर, रंग किती वेळ ठेवायचा?" त्यांना माहीत नव्हतं असं नाही. मुलांना कळावं की मला माहीत आहे, म्हणून. सुरुवातीला मला वाटायचं बाई माझी परीक्षा घेतात. उत्तर चुकू नये म्हणून मी घरी वाचायला लागलो. बायको म्हणाली, या वयात काय बारावीला बसताय काय.

आता मयूरीचं सांगतो. ही रायगडाच्या पायथ्याची, हिरकणीवाडीची. रोपवेजवळ त्यांचं पिठलं-भाकरीचं झोपडीवजा हॉटेल. वर्गात कधी तोंड उघडायची नाही. तारकापेशी कुणालाच कळत नव्हती त्या दिवशी बाईंनी हिला उभं केलं.

"रविवारच्या गर्दीत तुमच्या हॉटेलात सगळ्यात महत्त्वाचं माणूस कोण गो?"

"आय. ती भाकऱ्या करते."

"आणि ताटं कोण उचलतं?"

"आत्या."

"आत्या एक दिवस आली नाही तर?"

"मग सगला घोटाला. ताटा नाय, बसायला जागा नाय, मानसा वरडत्यात." वर्ग हसला. मयूरी लाजली.

"हसू दे त्यांना. मला सांग, आत्या फक्त ताटं उचलते का?"

मयूरीने जरा विचार केला. "नाय मॅडम. ती ताटात काय ऱ्हायलाय ते बगते. भाकरी ऱ्हायली की आयला सांगते, पीठ घट झालाय. पिठला चाटूनपुसून खाल्लेला असला की सांगते, अजून घाल. आय तिचा ऐकूनच पुढचा करते."

बाईंनी खडू तिच्या हातात दिला आणि स्वतः तिच्या बाकावर जाऊन बसल्या. मयूरीने आईच्या जागी चेतापेशी काढली आणि आत्याच्या जागी तारकापेशी. मी दारात बाटल्या घेऊन उभा होतो. एवढं सोपं मलाही त्या बिस्किटाच्या कागदावर कळलं नव्हतं. तास संपल्यावर बाई म्हणाल्या, "मेंदूशास्त्र हिरकणीवाडीत सापडलं आज."

असं सगळं चाललं असताना त्याच वर्षी एका पालकाने अर्ज दिला. बाईंना वर्गात फिट आली, माझी मुलगी घाबरली, अशा बाई प्रयोगशाळेत नकोत. तिथे ॲसिड आहे, बर्नर आहे. प्राचार्यांनी तो अर्ज वर पाठवला. संस्थेचे चिटणीस म्हणजे सगळ्यांचा शेवटचा शब्द. त्यांनी बाईंना बोलावून गोड शब्दांत सांगितलं, निवृत्तीला चार वर्षं राहिली आहेत, तुम्ही ग्रंथालयात बसा, पुस्तकांना नंबर चिकटवा, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.

बाई म्हणाल्या, "माझं भलं मला विचारून करा."

बाईंनी डॉक्टरांचं पत्र दिलं. बर्नर मी पेटवतो, ॲसिड मी ओततो, हे मीही लिहून दिलं. शेवटी असं ठरलं की चिटणीस स्वतः येऊन एक प्रॅक्टिकल बघतील आणि मग सांगतील, फळा की ग्रंथालय.

आदल्या दिवशी बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. मी म्हटलं, उद्या सोपा धडा घ्या, पानाचा छेद वगैरे. तर म्हणाल्या, "नाही. हाच घेणार." आणि मग, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आणि शेवटचं, त्यांचा आवाज खाली आला. "उतेकर, फळा गेला तर मी कोण उरते? मग मी नुसती फिट येणारी बाई. घरीदारी तेवढीच ओळख राहील." मी म्हटलं, "नाय जायचा." कशाच्या जोरावर म्हटलं देव जाणे.

चिटणीस आले, मागच्या बाकावर बसले. बाईंनी गोळी वेळेवर घेतली होती पण रात्रभर झोप नव्हती, ते डोळ्यांवरूनच दिसत होतं. तक्त्याकडे पाठ करून त्यांनी सुरुवात केली. दोन चेतापेशी काढल्या. फट काढली. तारकापेशी अर्धी झाली आणि त्यांचा हात थांबला. फिटच्या आधी त्यांना करपलेल्या गुळाचा वास यायचा. त्यांनी खडू शांतपणे पेढ्यांच्या खोक्यात ठेवला, चष्मा काढला, "येतंय," एवढं म्हणाल्या आणि आपणहून जमिनीवर बसल्या.

आजच? अरे, वर्षातले बाकीचे दिवस काय कमी होते?

पण वर्ग हलला. कुणी किंचाळलं नाही. पुढचे दोन बाक आवाज न करता मागे सरकले. एका मुलीने ओढणीची घडी करून डोक्याखाली सरकवली. मागून एका पोराचा आवाज, "अकरा वाजून बारा मिनटं." मयूरी गुडघ्यावर बसून बाईंच्या डोक्याशी होती, पण हात लावत नव्हती, नुसती बघत होती. त्या शांततेत फक्त घड्याळवाल्याचा आवाज. "तीस सेकंद." "एक मिनिट."

आणि चिटणीस उठले. तोंड पांढरंफटक. "चप्पल. अरे, कुणीतरी चप्पल द्या," म्हणत स्वतःच वाकले. पायात नाडीचे बूट. घाबऱ्या बोटांना गाठ सुटेना. मी पुढे गेलो आणि त्यांचा हात धरला. संस्थेच्या चिटणिसांचा हात धरला मी.

"साहेब, बूट पायातच राहू दे. एवढी वर्षं झाली, मीपण हीच चूक केली होती."

ते खाली बसले.

"एक मिनिट पन्नास सेकंद. थांबली." मयूरीने बाईंना कुशीवर वळवलं. जराशी शुद्ध आल्यावर आम्ही त्यांना आतल्या खोलीत चटईवर निजवलं, मी उशाशी बसलो. मला वाटलं, संपलं. आता साहेब उठून जातील आणि उद्या कागद येईल. तेवढ्यात बाहेरून मयूरीचा आवाज आला. पहिल्यांदा कापत होता, मग सरळ झाला. "मॅडमनी फट काढलेली हाय. आता इथे तारकापेशी." ती पुढे शिकवत होती. कुणी सांगितलं नव्हतं. आई, आत्या, ताटं, ग्लुटामेट, सगळं.

अर्ध्या-पाऊण तासाने बाई उठल्या. नको म्हटलं तरी उठल्या. भिंत धरत धरत वर्गाच्या दारात आल्या. केस विस्कटलेले, जीभ चावली गेली होती म्हणून बोलणं जड.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एक मिनिट पन्नास सेकंद, मॅडम."

"कुठवर आलो?"

मयूरी बाजूला झाली. बाईंनी फळा बघितला. चेतापेशीकडून तारकापेशीकडे जाणारा बाण मयूरीने नीट काढला होता. बाईंनी खोक्यातला खडू घेतला, फळ्याला एक हात टेकला आणि तारकापेशीकडून चेतापेशीकडे परत येणारा दुसरा बाण काढला. "हा राहिला," म्हणाल्या. "देणं एका बाजूने नसतं. आत्या काही बोलते की नाही?"

"बोलते," मयूरी म्हणाली.

चिटणीस उठून गेले. आठवड्याने कागद आला. बाईंनी अध्यापन चालू ठेवावं, मात्र प्रयोगशाळेत सहायकाच्या उपस्थितीतच तास घ्यावा. प्राचार्यांना वाटलं बाई चिडतील. बाई पोट धरून हसल्या. "एकटी पेशी बोलूच शकत नाही, हे मी जन्मभर सांगतेय. आता संस्थेने लेखी दिलं." तो कागद त्यांनी मेंदूच्या तक्त्याखाली, पुराच्या रेघेच्या वर चिकटवला. मी अधूनमधून त्यावरची धूळ पुसायचो. चार वर्षं बाईंनी त्या फळ्यावर शिकवलं, ठरलेल्या दिवशी निवृत्त झाल्या, एक दिवसही आधी नाही. आणि शोकसभेतले म्हणे, बाई हरल्या.

निवृत्तीनंतर त्या तुडीलला भावाच्या शेजारी राहायला गेल्या. गेल्या वर्षी बारावीच्या पहिल्या तासाला मात्र हजर. नव्या सरांना म्हणाल्या, दहा मिनिटं द्या. गाइड उघडायला लावलं, 'ओन्ली' खोडायला लावलं, बाकांमधून फिरून बघितलं. मग मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. तुडीलची गाडी लागली, त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभा. दोघेही गाडी कधी सुटते ते बघत होतो.

गाडी मागे यायला लागली तशा बाई एकदम खाली वाकल्या. वाटलं काही पडलं, की काही होतंय. मी धावलो. तेवढ्यात खिडकीतून हात बाहेर आला आणि हातात त्यांची डाव्या पायातली चप्पल. तळवा माझ्याकडे करून धरलेली. पलीकडे बाईंचा चेहरा, अगदी पोट धरून हसतानाचा. स्टँडवरची माणसं बघायला लागली, कंडक्टर काहीतरी ओरडला. मीही वाकलो, माझी डावी काढली आणि तशीच वर धरली. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत एका अनवाणी पायावर तसाच उभा राहिलो.